अठरा वर्षांच्या पोराचा निकाल कसा लावावा

नोकरीनिमित्त मॉन्ट्रियलला आला असाल आणि पहिला हिवाळा अंगावर आला असेल, तर आइस हॉकीबद्दल ठाम मत असल्यावाचून तुमचं इथे निभणार नाही. खेळ कळायला चार-पाच वर्षं लागतात, मत मात्र पहिल्याच आठवड्यात लागतं. बर्फावरून सरपटणाऱ्या त्या काळ्या चकतीला ‘पक’ म्हणतात एवढं माहीत असलं तरी भागतं. ती कुठे गेली हे इथे जन्मलेल्यांनाही दर वेळी दिसतंच असं नाही.

मत द्यायला सगळ्यात सोयीचा प्राणी म्हणजे ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर उचललेला पोरगा. दर उन्हाळ्यात एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य हॉकी लीगचे संघ जगभरातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं पाळीपाळीने निवडतात. तळाच्या संघांना आधी संधी, त्यातही सोडत. २०२२ साली मॉन्ट्रियल कॅनेडियन्स सगळ्यांत शेवटी होता, सोडत त्यालाच लागली आणि ७ जुलैचा ड्राफ्टही त्याच्याच बेल सेंटरमध्ये भरला. म्हणजे मुलगी बघायला घरातले सगळेच हजर. आणि सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं: ओंटारिओचा शेन राइट. पंधराव्या वर्षी खास परवानगी मिळवून वरच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेला, नाकासमोर चालणारा सेंटर, म्हणजे आघाडीतला मधला खेळाडू.

व्यासपीठावरून नाव आलं युराय स्लाफकोव्स्की. स्लोव्हाकियातल्या कोशित्से गावचा, सव्वासहा फुटांचा विंगर, म्हणजे आघाडीत कडेने खेळणारा. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये सतराव्या वर्षी त्याने ७ गोल केले होते, स्लोव्हाकियाने कांस्यपदक घेतलं होतं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता. पण हे तुम्ही बोलायचं नाही. तुम्ही एवढंच विचारायचं, ‘फिनलंडच्या लीगमध्ये ३१ सामन्यांत किती? पाचच गोल ना?’ आकडा आपल्या बाजूचा असला की तो विज्ञान असतो, समोरच्याचा असला की ‘छोटं सॅम्पल’.

राइट घरंगळत चौथ्या क्रमांकावर सिॲटलकडे गेला आणि व्यासपीठावर चढल्यावर त्याची नजर कॅनेडियन्सच्या टेबलाकडे वळली. ही चित्रफीत तुमच्या फोनमध्ये असायलाच हवी. वेग कमी करून बघा. डोळे बारीक होतात, ओठ मिटतात, मान किंचित वळते. बस, एवढंच. या दीड-दोन सेकंदांत सूड, अपमान, नेतृत्वगुण आणि भावी शंभर गोल ज्याला दिसत नाहीत, त्याने हॉकी बघण्याच्या भानगडीत पडू नये.

आता पहिला हंगाम. स्लाफकोव्स्की ३९ सामने खेळला, ४ गोल, एकूण १० गुण (गोलाला एक, गोलासाठी दिलेल्या पासला, म्हणजे असिस्टला, एक). जानेवारीत गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. यातला ‘१०’ मोठ्याने उच्चारायचा, ‘३९’ पुटपुटायचा आणि गुडघ्याचा विषय निघाला की उठून चहा ठेवायला जायचं. दर सामन्यात जेमतेम बारा मिनिटं बर्फावर मिळत होती, तीही एका दमाला पाऊण मिनिट अशी. उत्तर अमेरिकेतली रिंक युरोपातल्यापेक्षा अरुंद, त्यामुळे मान खाली घालून पक नेणाऱ्या नवख्याला दुसऱ्या श्वासाआधी कुणीतरी फळीवर आदळतं. असल्या तपशिलांनी मताची धार बोथट होते. अढीतला आंबा तासातासाला दाबून बघायचा आणि मग सगळ्यांना बोलावून दाखवायचं, ‘बघा, डाग पडलाच!’

डिसेंबरमध्ये नियतीनेच तुमच्यासाठी ताट वाढून ठेवलं. राइटने एनएचएलमधला पहिला गोल केला, तोही मॉन्ट्रियलविरुद्धच! तो सामना मॉन्ट्रियलने ४-२ असा जिंकला, हा भाग सांगायची गरज नाही.

मग वाद येतो लावालचा. नदीपलीकडच्या त्या गावात कॅनेडियन्सचा दुय्यम संघ खेळतो. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला तिथे पाठवता येत नाही, युरोपातून आलेल्याला येतं. त्यामुळे सोयच झाली. ‘लावालला पाठवा, आत्मविश्वास येईल’ असा एक पक्ष, ‘इथेच ठेवा, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ असा दुसरा. नवख्या माणसाने दोन्ही पक्षांत नाव घालून ठेवावं. पोरगा चमकला तर तुम्ही ठेवा म्हणाला होतात, बुडाला तर पाठवा म्हणाला होतात. प्रशिक्षक मार्टिन सेंट लुई याने त्याला ठेवून घेतलं. या सेंट लुईला स्वतःला ड्राफ्टमध्ये कुणीही, कुठल्याही फेरीत निवडलं नव्हतं, आणि तरी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्यामुळे मुलं कशी घडतात हे त्याला काय कळणार?

शनिवारी रात्री कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये सामना बघायला जमलात की इतिहास लागतो. तिथे चाळीस-पंचेचाळीस हिवाळे काढलेले एखादे काका असतातच. ते चिवड्याची वाटी खाली ठेवून म्हणतील, ‘तुला काय माहीत रे, १९८०ला कॅनेडियन्सनी पहिल्या क्रमांकावर विकेनहायझर घेतला. आणि सोडला कोण? सावार्ड! इथल्या व्हर्डनमध्ये वाढलेला पोरगा! शिकागोने उचलला, पहिल्याच वर्षी ७५ गुण!’ अशा वेळी ‘हो ना काका’ म्हणायचं. हाच सावार्ड पुढे मॉन्ट्रियलला आला आणि १९९३चा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकणाऱ्या संघात होता, हे म्हटलंत तर काका विषय बदलून तुमच्या पगारावर येतील. तो कप या संघाचा चोविसावा. त्यानंतर एकही नाही, आणि काकांचा आवाज वर्षागणिक का चढतो ते त्यावरूनच ओळखा.

उलट पोराची बाजू घ्यायची वेळ आली तर जो थॉर्नटन काढा. १९९७चा पहिला क्रमांक, पहिल्या वर्षी ५५ सामन्यांत ७ गुण, आणि निवृत्तीपर्यंत पंधराशेच्या वर. नाहीतर जॅक ह्यूज: २०१९चा पहिला, आधी ६१ सामन्यांत २१ गुण, तीन वर्षांनी एका हंगामात ९९. समोरच्याने नेल याकुपॉव्हचं नाव घेतलं तर मात्र आवाज चढवा. २०१२चा तो पहिला क्रमांक सुरुवातीला छान खेळला आणि मग ओसरत गेला. म्हणजे पहिल्या वर्षावरून काहीच कळत नाही, असा कुणाचा समज व्हायचा. मग बोलायचं कशावर?

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला गोलांचा दुष्काळ पडला, तेव्हा तुम्ही जोरात होतात. ‘शॉट मारत नाही, नुसता पास देतो’ हे वाक्य पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरच्यांचा गडी शिक्षा होऊन बाहेर बसलेला असताना, ओरडायला फार छान. मग त्याला सुझुकी आणि कॉफील्ड या संघातल्या आघाडीच्या जोडीबरोबर खेळवलं आणि पोरगा सुटला. ८२ सामने, २० गोल, ५० गुण, एप्रिलमध्ये हॅटट्रिक. इथे घाबरायचं नाही. एका श्वासात ‘आम्ही म्हटलंच होतं’ म्हणून टाकायचं. वरातीमागून आलेल्या घोड्यालाही पुढे जागा मिळते, फक्त खिंकाळता यायला हवं.

जुलै २०२४ मध्ये त्याला आठ वर्षांचा करार मिळाला, वर्षाला ७६ लाख डॉलर. इथून तुमची भाषा बदलते. आतापर्यंत ‘कोवळं पोर’ होतं ते आता ‘एवढे पैसे घेतो’ झालं. पुढच्या हंगामात त्याने ५१ गुण केले. पन्नासावरून एक्कावन्न! याला प्रगती खुंटली म्हणतात. तो तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होता, आणि त्याच हंगामात संघ प्लेऑफला पोचला, असं कुणी म्हणालं तर फक्त ‘हं’ म्हणा.

आणि राइट? तो त्या हंगामात ४४ गुणांवर थांबला. त्याचं नाव आता हळूच टाकून द्या आणि लोगन कूली धरा. त्याच ड्राफ्टमधला तिसरा, युटाकडून ६५ गुण. ‘मी तर कूलीच म्हणत होतो’ हे इतक्या सहज म्हणा की तुमच्या बायकोलाही खरं वाटावं. २०२२ मध्ये तुम्ही पुण्यात होतात आणि हॉकी म्हणजे तुम्हाला ध्यानचंद एवढंच ठाऊक होतं, हे इथे कुणाला माहीत आहे?

फार रेंगाळू नका मात्र. २०२४च्या ड्राफ्टमधला पाचवा, इव्हान डेमिडोव्ह, एप्रिल २०२५ मध्ये मॉन्ट्रियलसाठी उतरला. पहिल्याच सामन्यात एक गोल, एक असिस्ट. दुसऱ्यात काहीच नाही. चिंता करायला सुरुवात करा, आधीच उशीर झालाय.