ठासणीची बंदूक पाण्यानेच धुवायची

खंडेनवमी जवळ आली की पुण्यातल्या आमच्यासारख्या घरांत, जिथे गावाकडची परवान्याची ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) अजून आहे, एक ठरलेला मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला. त्यात म्हटलंय: बार काढल्यावर नळीला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका, गंजेल. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवा, वर तेल द्या. आठ दिवसांत केव्हाही केलं तरी चालतं. गंज दिसलाच तर चिंच चोळा. या सल्ल्याने चांगल्या नळ्या कायमच्या जातात, म्हणून लिहायला बसलो.

आधी पाण्याची भीती. लोखंड पाण्याने गंजतं, खरंच आहे. पण काळी दारू जळल्यावर नळीत काय उरतं, ते तर बघा. या दारूत साधारण ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती जळली की वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. त्यातला काही धुरातून बाहेर जातो, बाकीचा नळीला आतून चिकटतो. हे बहुतेक पोटॅशियमचे क्षार. पाण्यात ते लगेच विरघळतात, रॉकेलमध्ये विरघळत नाहीत. घरातलं चमचाभर मीठ डिझेलमध्ये ढवळून पाहा, तळाशी तसंच राहील. नळीतही तेच होतं: वर तेलाचा हात, खाली क्षाराचा थर, आणि तो थर हवेतला ओलावा ओढत राहतो.

हा सल्ला येतो रेंजवर पॉइंट टू-टूची काडतुसाची रायफल चालवणाऱ्यांकडून, असा माझा अंदाज आहे. त्यांच्यापुरता तो बरोबर आहे. पॉल व्हिएलने १८८४ साली फ्रान्समध्ये केलेली धूरहीन दारू जळून जवळजवळ सगळी वायू होते, तिथे तेलाचा बोळा पुरतो. मात्र जुन्या काडतुसांच्या टोपीत (ठिणगी पाडणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असायचं आणि त्याचा क्षार नळीत राहायचा. म्हणून ली-एनफील्ड या ब्रिटिश फौजेच्या रायफलीच्या नळीत उकळतं पाणी ओतायला सैनिकांना खास नरसाळं मिळायचं. आपला खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्या वेळी फौजेच्या बंदुका काळ्या दारूवरच चालत, आणि शिपाई त्या पाण्यानेच धुवत.

आठ दिवसांचं म्हणाल, तर मी ते भोगलंय. वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच श्रावणात मुळशीच्या घरी रानडुकरं हुसकवायला दोन बार काढले. एका जाणत्या गृहस्थांनी सांगितलं म्हणून नुसतं तेल फिरवून बंदूक खुंटीला लावली. पुढच्या रविवारी गज आत घातला तर खरखरत गेला. डाग पुसता येतो, नळीत पडलेला खड्डा भरून येत नाही. वडिलांनी चाळीस वर्षं जपलेली नळी होती ती. बार काढला त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत ती धुवायला हवी होती.

धुण्याआधी गज नळीत सोडून बाहेरून ताडून पाहा. पुरा खाली जात नसेल, तर आत बार आहे, पुढे हात लावू नका. रिकामी असेल तर नळी दस्त्यापासून सोडवा, टोपी बसते ती बोंडी काढा, मागचं टोक बादलीत ठेवा आणि गजाला चिंधी बांधून वरखाली करा. पिचकारीसारखं पाणी आत येतं आणि काळंकुट्ट बाहेर पडतं. नासक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा. पाणी नितळ येईपर्यंत थांबू नका. उकळतं पाणी लागत नाही, उलट त्याने कोरड्या होणाऱ्या नळीवर क्षणात तांबूस छटा धरते. कोमट पुरे. लाकडी दस्ता मात्र भिजू देऊ नका. मग कोरड्या चिंध्या, आणि त्यानंतर तेल. तेलाला माझा विरोध नाही, विरोध आहे तो ते पाण्याच्या जागी वापरायला. ठेवणीसाठी मशीनचं पातळ तेल घ्या. खोबरेल डिसेंबरात पुण्यात थिजतं.

चिंच देवघरातल्या पितळेसाठी ठीक. लोखंडावर ती आम्ल आहे, गंजाबरोबर चांगला धातूही खाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी चिंधी एकदा फिरवा. तांबूस आली तर पुन्हा बादली घ्या.