‘कुंडीतली सॅटिव्हा कायद्यात बसते’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेले काही महिने एक संदेश फिरतोय. त्याचा गोषवारा असा: भांगेवर बंदी नाही, म्हणून घरच्या गच्चीत गांजाच्या झाडाची (कॅनबिसची) सॅटिव्हा जातीची दोन-चार रोपं लावायला हरकत नाही, एक किलोपर्यंत सूट आहे, उत्तराखंडात परवानगी आहे, संयुक्त राष्ट्रांनीही गांजाला यादीतून काढलंय. मी फौजदारी वकिली करतो. हे खरं मानून कुंडी भरलेल्या मुलांचे आईबाप माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून लिहितोय.

आधी जातीचं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात कॅनबिसचं झाड म्हणजे कॅनबिस या प्रजातीतलं कोणतंही झाड. सॅटिव्हा, इंडिका, संकरित, सगळं त्यात आलं. गंमत म्हणजे बाजारातला हा भेद वनस्पतिशास्त्राशीही जुळत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ‘सॅटिव्हा’ हे नाव दिलं. पुढे निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने ‘इंडिका’ हे नाव दिलं, ते भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून. आपल्याकडचं उंच, निमुळत्या पानांचं झाड, ज्याला बियाणं विकणारे आज सॅटिव्हा म्हणतात, ते लामार्कच्या लेखी इंडिकाच होतं.

भांग म्हणजे झाडाची पानं, आणि त्यावर बंदी नाही या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. वाराणसीत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात ती याच आधारावर. मुंबई उच्च न्यायालयात जामिनाच्या वेळी हा युक्तिवाद यशस्वीही झालाय: पोलिसांनी पानं, काड्या, बिया, शेंडे सगळं एकत्र तोललं, तर ते सगळं वजन गांजाचं कसं धरायचं? मीही तो करतो. पण तो जप्त मालाच्या वजनाचा युक्तिवाद आहे. लागवडीबद्दल कलम ८ स्वतंत्रपणे बोलतं आणि तिथे मनाई आहे ती झाडालाच. कलम २० नुसार त्याची शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. शिवाय महाराष्ट्रात परवान्याशिवाय नुसती भांग जवळ बाळगणंही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

एक किलोची ‘सूट’ तर कुठेच लिहिलेली नाही. १ किलोपर्यंतचा गांजा ही ‘अल्प मात्रा’, आणि तिलाही १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लागवडीच्या तरतुदीत तर मात्रेच्या पायऱ्याच नाहीत. कुंडीतलं एक झाड आणि कापसाच्या आड लावलेलं शेतभर पीक एकाच कलमात येतं. न्यायाधीश शिक्षा देताना फरक करतील, पण कलम तेच राहतं. एका कुंडीसाठी इतकी कठोर तरतूद मला अन्याय्य वाटते आणि ती बदलावी असं मी मनापासून म्हणतो. पण ती बदललेली नाही.

‘आपोआप उगवलं म्हणायचं’ हा सल्लाही सोबत दिला जातो. रानात आपसूक वाढलेलं रोप म्हणजे लागवड नाही, ती आरोपीनेच केली हे सिद्ध व्हायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मान्य केलंय. पण पंचनाम्यात कोकोपीट, एलईडी दिवा, टायमर आणि बियांच्या पार्सलचं खोकं आल्यावर हा बचाव कोणासमोर मांडणार?

राहिले दोन मुद्दे. उत्तराखंडने २०१८ पासून परवाने दिले ते धागा आणि बियांसाठी, आणि तेही ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेल्या वाणाला. नशेसाठी विकली जाणारी सॅटिव्हा त्याच्या कितीतरी पुढे असते. आणि डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनबिस काढलं ते १९६१ च्या अमली पदार्थ कराराच्या चौथ्या अनुसूचीतून, म्हणजे सर्वांत कडक यादीतून. भारताने बाजूने मत दिलं हे खरं. पहिल्या अनुसूचीत ते अजून आहे, म्हणजे नियंत्रण कायम आहे. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी ३ झाडं लावता येतात, पण म्युनिकमधल्या चुलतभावाचा फोटो पुण्याच्या पोलीस ठाण्यात दाखवून उपयोग नाही.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी आणखी एक वाचावं. आपल्या ताब्यातली जागा अशा कामाला जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही कलम २५ लागू होतं. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात चौघं मित्र एका फ्लॅटमध्ये राहत होते. कुंडी एकाची होती, बाल्कनी सगळ्यांची. अटक चौघांना झाली. त्यातल्या एकाचा अंतिम वर्षाचा पेपर होता त्या सकाळी तो कोठडीत होता, आणि त्याची आई हॉलतिकीट हातात घेऊन न्यायालयाच्या व्हरांड्यात उभी होती.