लोहगडाच्या पायऱ्या आणि हाफ डोमच्या तारा

पावसाळा सुरू झाला की पुण्याहून येणाऱ्या निरोपांत दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे कुठल्या तरी गडावरच्या गर्दीची चित्रफीत आणि दुसरी म्हणजे तिच्यापाठोपाठ निघालेल्या मनाई आदेशाची प्रत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून सहलीला गेलेल्या एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली आणि लगेचच मावळ-मुळशीसह जिल्ह्यातल्या अनेक ठिकाणी निर्बंध लागू झाले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याजवळचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, चार जण दगावले आणि तीच चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. जुलै २०२३ मधल्या एका रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसे तासन् तास अडकून पडली होती. तेव्हा जीवितहानी झाली नाही, म्हणून ती घटना लोक लवकर विसरले.

या चर्चेत आमच्या ट्रेकर मित्रमंडळींचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो की अमेरिकेत असतो तसा परवाना लावा, संख्या ठरवा, बाकीच्यांना परत पाठवा. दुसरा म्हणतो की गड महाराजांचे आहेत, तिथे जायला सोडत कसली काढता? मी कॅलिफोर्नियात राहतो आणि सिएरा नेवाडाच्या डोंगरांत फिरतो, त्यामुळे दोन्ही बाजू मला साक्षीला बोलावतात. माझे मत दोघांनाही फारसे रुचणार नाही. इथली सोडत सह्याद्रीत मुळीच आणू नये, पण सोडतीच्या आधी जी मोजणी होते ती मात्र अवश्य आणावी, असे मला वाटते.

इथे नेमके काय चालते ते आधी सांगतो. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी या राष्ट्रीय उद्यानात हाफ डोम नावाच्या कातळावर शेवटचे सुमारे ४०० फूट पोलादी तारा धरून चढावे लागतात. या तारा १९१९ मध्ये बसवलेल्या आहेत. गर्दीच्या दिवशी तिथे हजाराच्या वर माणसे येऊ लागली, तारांवर वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांत अडकू लागले, तेव्हा २०१० मध्ये फक्त शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी परवाना सुरू झाला आणि २०११ पासून तो रोजचा झाला. आज दिवसाला साधारण ३०० जणांना परवानगी मिळते. त्यांतले सुमारे २२५ एका दिवसात जाऊन येणारे असतात आणि बाकीचे पाठीवर तंबू घेऊन रानात मुक्काम करणारे. मार्च महिन्यात अर्ज भरायचे, एप्रिलमध्ये निकाल. त्यातून हुकले तर जायच्या दोन दिवस आधी निघणारी रोजची छोटी सोडत असते. अर्जाचे १० डॉलर नंबर लागो वा न लागो परत मिळत नाहीत; लागला तर माणशी आणखी १० डॉलर द्यावे लागतात.

माउंट व्हिटनीचे, म्हणजे अलास्का वगळता अमेरिकेतल्या सर्वांत उंच शिखराचे, गणितही याच जातीचे आहे. मे ते ऑक्टोबर या काळात मुख्य वाटेवर दिवसाला १०० जण एका दिवसात जाऊन येण्यासाठी आणि ६० जण मुक्कामासाठी सोडले जातात, आणि त्यांची सोडत फेब्रुवारीत भरते. ऑगस्टमधल्या शनिवारचा नंबर लागणे म्हणजे लग्नसराईत कार्यालय मिळण्यासारखे आहे.

मात्र संकेतस्थळावरची ही सोडत म्हणजेच अमेरिकन पद्धत, असा जो समज पुण्यात पसरलेला आहे तो अपुरा आहे. सोडत हा या व्यवस्थेचा सर्वांत दिसणारा आणि माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. खरे काम आधी झालेले असते. हाफ डोमचा आकडा ठरवताना तारांवर एका वेळी किती माणसे असली म्हणजे ढग दाटून आल्यावर सगळ्यांना वेळेत खाली उतरता येईल, याचा हिशेब मांडला गेला होता. योसेमिटीच्या रानातल्या मुक्कामाचा कोटा १९७०च्या दशकापासून आहे आणि तो संपूर्ण उद्यानाला मिळून एक असा नाही. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी त्या दिवशी किती जणांनी आत जायचे, एवढेच ठरलेले असते; एकदा आत गेलात की पुढे कुठे मुक्काम करायचा हे बहुतेक ठिकाणी तुमच्यावर सोपवलेले असते. म्हणजे बंधन दारात आणि मोकळीक आत. आपल्याकडे हे नेमके उलटे आहे. दारात कुणी मोजत नाही आणि आत काही घडले की सबंध तालुक्याला कुलूप लागते.

दुसरा भाग माणसांचा. योसेमिटीत मुक्कामाचा परवाना हातात पडतो तो रेंजरशी, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाशी, बोलल्यावर. व्हिटनीला जाताना लोन पाइन गावाजवळच्या केंद्रात मी खिडकीपुढे उभा होतो, तेव्हा पलीकडच्या बाईंनी ओळखपत्र पाहिले, अस्वलापासून अन्न वाचवण्याचा कडक प्लॅस्टिकचा डबा सोबत आहे ना ते विचारले, आणि मग एक चपटे पाकीट पुढे सरकवले. त्यात विष्ठा भरून खाली आणायची पिशवी होती. त्या डोंगरावर ती वापरण्याची सक्तीच आहे, कारण वरच्या खडकाळ भागात पुरायला माती नाही. बाईंनी ती कशी बांधायची हे अजिबात न संकोचता, एखाद्या शिक्षिकेने फळ्यावर समजावावे तसे सांगितले, आणि मागे रांगेत उभे असलेले सगळे ऐकत होते. राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर शनिवारी मुक्काम करून रविवारी पहाटे टाक्याच्या आसपास जे पाहावे लागते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या पाकिटाची किंमत वेगळी सांगायला नको.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही, ती म्हणजे एका गटातल्या माणसांची संख्या. योसेमिटीच्या रानात वाटेवरून जाणाऱ्या गटात पंधराहून अधिक माणसे चालत नाहीत आणि वाट सोडून जायचे असेल तर आठच. उलट पुण्यातून शुक्रवारी-शनिवारी रात्री निघणारे ट्रेक आठवा. पन्नास आसनांच्या दोन-तीन बस, बसमागे दोन लीडर, एकाच आयोजकाची दीडशे माणसे पहाटे एकाच पायथ्याशी उतरतात, आणि असे पाच-सहा आयोजक त्याच पहाटे तिथे आलेले असतात. निसरड्या कातळटप्प्यावर कोंडी होते ती या एकगठ्ठा लोंढ्यामुळे. चौघांनी मिळून आलेल्या मुलांमुळे होत नाही. साहसी पर्यटनाबाबत राज्याचे धोरण २०२१ पासून आहे आणि त्यात आयोजकांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे. त्या नोंदणीला गडनिहाय गटमर्यादा जोडली, तर अर्धी कोंडी एकही सोडत न काढता सुटेल, अशी माझी समजूत आहे.

आता सोडत का नको, ते सांगतो. सिएरात उन्हाळा कोरडा असतो. ऑगस्टचा बेत फेब्रुवारीत करता येतो. सह्याद्रीचा ट्रेक ठरतो तो शुक्रवारी संध्याकाळी, पाऊस किती आहे हे पाहून. सहा महिने आधी लागलेला नंबर पावसाने वाया जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, ‘नंबर लागलाय तर जाऊच’ म्हणून माणसे कोसळत्या पावसात कड्यावर जातात. तशी तक्रार इथेही ऐकू येते: परवाना मोठ्या मुश्किलीने मिळालेला असतो, म्हणून वीज कडाडत असतानाही लोक परत फिरत नाहीत. परवाने आल्यानंतरही हाफ डोमवरचे अपघात थांबलेले नाहीत.

शिवाय सोडत नेमकी कुणाला फळते, हेही पाहावे लागते. जो आधी रजा टाकू शकतो, प्रत्येक वर्षी न परतणारे शुल्क भरू शकतो, सात-सात तारखा लिहून अर्ज करू शकतो, त्याला ती फळते; माझ्यासारख्या पगारदाराला ती अवघड असली तरी परवडते. पण लोहगडाला खरा कोण जातो? पुण्याहून सकाळची लोकल पकडून मळवलीला उतरणारी, डब्यात पोळीभाजी घेतलेली वसतिगृहातली मुले जातात. कळसूबाईला नवरात्रात जाणारी माणसे देवीला जातात. त्यांना ‘या वर्षी तुमचा नंबर लागला नाही’ असे कोण सांगणार आणि कोणत्या तोंडाने?

इथे मूळ कल्पनेतलाच फरक आड येतो. अमेरिकेचा १९६४ चा रानांविषयीचा कायदा, ज्यावर हे परवाने उभे आहेत, रानाची व्याख्या करताना म्हणतो की तिथे माणूस हा पाहुणा असतो, तो मुक्कामाला राहत नाही. ही व्याख्या लिहिली गेली तेव्हा योसेमिटीतली बहुतेक माणसे आधीच हलवली गेलेली होती. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन ही सशस्त्र तुकडी त्या खोऱ्यात शिरली ती तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावण्यासाठीच, आणि खोऱ्यात उरलेली त्यांची शेवटची वस्ती १९६९ मध्ये पाडण्यात आली. सह्याद्रीतले गड तसे रिकामे नाहीत, तसे करूही नयेत. गुंजवण्यातून राजगड चढून ताक-लिंबूसरबत विकणाऱ्या मावशी, हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत रात्रीच्या जेवणाची सोय करणारी घरे, लोहगडवाडीतली भाकरी-पिठल्याची पाटी, ही त्या डोंगरातली माणसे आहेत आणि सरसकट बंदीचा पहिला फटका त्यांच्या चुलीला बसतो. कलेक्टर कचेरीतून निघालेल्या आदेशात त्यांचा उल्लेख मला तरी अद्याप आढळलेला नाही.

मोजणीचा नमुना शोधायला कॅलिफोर्नियापर्यंत येण्याची गरजही नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आहे, आणि तिथला कारभार आसपासच्या गावांच्या वनव्यवस्थापन समितीच्या हातात आहे. तिथेही सुट्टीच्या दिवशी कुरबुरी होतात, तरी पैसा आणि रोजगार गावात राहतो. कर्नाटकात कुमार पर्वतावर जानेवारी २०२४ मध्ये अशीच झुंबड उडाली, तेव्हा तिथल्या वनखात्याने ट्रेक थांबवले आणि पुढे ते संख्येच्या मर्यादेसह नोंदणी घेऊन खुले केले. सिंहगडावर उपद्रव शुल्क घेतले जाते, मात्र ते वाहनांवर आहे. पैसे भरले की वर कितीही गाड्या जातात. मे २०२२ मध्ये खासगी वाहने बंद करून ई-बस सोडण्याचा प्रयोग झाला तो काही दिवसांतच गुंडाळावा लागला, कारण बस पुरेशा नव्हत्या. आधी पर्याय आणि मग बंदी, हा क्रम तिथे उलटा झाला.

यावर पुण्यातले मित्र म्हणतात की आपल्याकडे धनी कोण हेच ठरत नाही. लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा, राजगड राज्याच्या पुरातत्त्व विभागाचा, उतार वनखात्याचा, पार्किंग ग्रामपंचायतीचे आणि मनाई आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा. अडचण खरी आहे, पण इथेही धनी अनेक आहेत. जॉन म्युअर वाट योसेमिटीत सुरू होऊन व्हिटनीपाशी संपते आणि सुमारे २१० मैलांत कधी राष्ट्रीय उद्यानांतून जाते, कधी वनखात्याच्या रानांतून. ही दोन खाती दोन वेगळ्या मंत्रालयांखाली येतात. तरी निघताना घेतलेला एकच परवाना शेवटपर्यंत सगळे मानतात. जुलै २०२५ मध्ये लोहगड, राजगड आणि शिवनेरीसह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आहेत, तेव्हा निदान या तीन ठिकाणी सर्व खात्यांना एका टेबलाशी बसवण्याचे निमित्त शोधावे लागणार नाही.

सुरुवात कुठे करावी, तर लोहगडावर आणि फक्त जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी. हाफ डोमचीही सुरुवात आठवड्याच्या मोजक्या दिवसांनीच झाली होती. पायऱ्यांवर आणि दरवाजांत एका वेळी किती माणसे सुरक्षित राहतील हे मोजावे, तेवढीच वर सोडावी, खाली उतरलेल्यांच्या जागी पुढची घ्यावी. बहुतेक जागा पायथ्याशी, त्याच सकाळी, येईल त्या क्रमाने द्याव्यात आणि थोड्याच आगाऊ नोंदणीला ठेवाव्यात. आयोजकांच्या गटाला पंधरा-वीसची मर्यादा घालावी. शुल्क नाममात्र ठेवून ते लोहगडवाडी आणि भाजे या गावांकडे जावे आणि दारात मोजायला तिथलीच मुले पगारावर असावीत.

यात एक अडचण मला दिसते. हाफ डोमला मर्यादा आल्यावर ज्यांना परवाना मिळत नाही ते शेजारच्या क्लाउड्स रेस्ट या शिखराकडे वळतात. लोहगडावर नाही म्हटले की माणूस घरी परतणार नाही. तो समोरच्या विसापूर गडावर जाईल, आणि विसापूरची ओढ्यातून चढणारी पावसाळी वाट लोहगडाच्या पायऱ्यांहून कितीतरी अवघड आहे. म्हणून लोहगड, विसापूर आणि भाजे लेणी यांचा आकडा एकत्रच ठरवावा लागेल आणि तो मळवली स्थानकाच्या बाहेरच फलकावर लावावा लागेल, म्हणजे ज्याला परत फिरायचे असेल त्याला पुढची लोकल तरी मिळेल.