खंड्या कोणाचा?

मागच्या आठवड्यात मी आमच्या पॅकिंग शेडचा एक फोटो टाकला होता. ऑफिसच्या दारात गोणपाटावर आमचा कुत्रा खंड्या पाय ताणून झोपलाय आणि मागे बायका आंब्याची वर्गवारी करतायत. त्यावर एवढ्या कमेंट येतील असं वाटलं नव्हतं. "ऑफिस असावं तर असं", "आमच्या एचआरला दाखवते", "देवगडला नोकरी आहे का?" पुण्या-मुंबईच्या तिघाचौघांनी तर मेसेज करून विचारलं, तुमची पेट पॉलिसी काय आहे, पाठवा ना.

त्यांना दोन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि लक्षात आलं की दोन ओळींत ते मावणार नाही. फोटोत झोपलेला कुत्रा दिसतो. तो तिथे निवांत झोपू शकावा म्हणून आम्हाला काय काय शिकावं लागलं आणि त्यात कोणाकोणाला त्रास झाला, ते दिसत नाही. म्हणून इथेच लिहिते. लांबलंय, पण वाचा.

कामाच्या जागी जनावर असणं ही आमच्या कोकणात नवी गोष्ट नाही. बागेत राखण्याबरोबर, म्हणजे राखण करणाऱ्या गड्याबरोबर, कुत्रा असतोच, नाहीतर माकडांचा कळप एका सकाळीत झाडं रिकामी करतो. बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की टोपल्यांच्या मधून मांजरं फिरतात. किराणा दुकानात उंदरांसाठी एक मांजर असतं, गॅरेजच्या दारात एक काळा कुत्रा असतो. कोणी परवानगी मागितलेली नसते, कोणी दिलेलीही नसते. खंड्या असाच आला. एका फेब्रुवारीत राखण्याच्या मागून शेडवर आला, भाकरीचा तुकडा मिळाला, राहिला. रात्री वाशीचा टेम्पो भरला जायचा तेव्हा हा गेटवर उभा. परका माणूस आत शिरायची छाती नव्हती. दोन वर्षं आम्ही त्याच्याकडून राखण करून घेतली आणि "शेडचा कुत्रा" म्हणत राहिलो.

तिसऱ्या वर्षी ऐन एप्रिलमध्ये रात्री बाहेरच्या कुठल्यातरी कुत्र्याशी त्याची मारामारी झाली. कान फाटला. दोन दिवसांनी एका बाईने क्रेट ओढलं, त्याच्या मागे हा झोपला होता. दचकून उठला आणि तिच्या मनगटाला दात लागला. मोठं काही नाही, दोन ठिपके. तिने त्यावर हळद दाबली, पदर गुंडाळला आणि काम करत राहिली. मला कळलं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी.

मी विचारलं, "याला रेबीजची लस दिली आहे ना?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेडवाले म्हणाले, तो राखण्याचा. राखणो म्हणाला, "माझो नाय गे वयनी, तो शेडचो." घरी यांना विचारलं तर म्हणाले, "आपण कुठे पाळलाय त्याला?" दोन वर्षं ज्याला रोज दोन वेळ खायला घातलं, ज्याच्या भरवशावर लाखाचा माल उघड्यावर ठेवून झोपलो, तो कोणाचाच नव्हता. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचत नाहीच. लस वेळेवर मिळाली तर मात्र तो टाळता येतो. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची असते, हळद, मिरची, चुना काही लावायचं नसतं. शेडमध्ये तेव्हा अठरा माणसं होती, एकालाही हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मग ग्रामीण रुग्णालय. पहिल्या दिवशी, मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी, अशा चार वेळा सुया. हंगामात एक खाडा म्हणजे त्या बाईची दिवसाची मजुरी. ती मी दिली, पण तिने मागितली नव्हती, हेही सांगते. तिला भीती वेगळीच होती. कुत्र्याला मारून टाकतील म्हणून तिने तीन दिवस तोंड उघडलं नव्हतं.

चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. खंड्याला शेडमागच्या रायवळ आंब्याच्या झाडाला बांधला. ते दहा दिवस शेडमध्ये येणारा प्रत्येकजण आधी मागे जाऊन यायचा. पाणी प्यायला का? भाकरी खाल्ली का? अकराव्या दिवशी सकाळी त्याने भांडं चाटूनपुसून साफ केलं आणि पुन्हा भुंकून मागितलं, तेव्हा ती बाई खाली बसून रडली.

त्याच दिवशी मी वहीत पहिल्या पानावर लिहिलं: खंड्या, जबाबदारी माझी. खाली माझा फोन नंबर. मग त्याची लस, जंताचं औषध, नसबंदी. आमच्याकडे गुरांचे डॉक्टर असतात, पण कुत्र्याचा साधा एक्स-रे काढायचा तर घाट चढून कोल्हापूर गाठायचं किंवा गोव्याला जायचं. एक दिवस मोडतो. तो मोडायची तयारी असेल तरच जनावर आपलं म्हणावं, असं माझं आता ठाम मत आहे.

दुसरा प्रसंग ऑफिसातला. आमच्या ऑनलाइन ऑर्डरी बघणारी मुलगी एका सकाळी चेहरा पाडून आली. तिची कुत्री तेरा वर्षांची, मूत्रपिंडं निकामी होत चाललेली, दुपारी औषध द्यायला घरी कोणी नाही. पंधरा दिवस अर्धी रजा हवी होती, तीही हंगामात. मला माझे पुण्याचे दिवस आठवले. माझा कुत्रा शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा मी एका मोठ्या कंपनीत होते. साहेब म्हणाले, "कुत्र्यासाठी कसली सुट्टी?" मी संध्याकाळी सातला घरी पोचले, तो चारला गेला होता. त्या मुलीला मी लगेच म्हटलं, उद्यापासून तिला इकडे घेऊन ये.

आणि फरक दिसला. ती मुलगी दर अर्ध्या तासाने घरी फोन करायची, ते थांबलं. कुत्री तिच्या खुर्चीखाली झोपायची, दुपारी औषध घ्यायची. पुढे मी यावर थोडं वाचलं. अमेरिकेत व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भांडी विकणाऱ्या कंपनीत अभ्यास केला होता, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्रा बरोबर आणणाऱ्यांना दिवस पुढे सरकेल तसा ताण कमी वाटत होता आणि कुत्रा घरी ठेवून आलेल्यांना वाढत गेल्यासारखा वाटत होता. माझ्या डोळ्यांसमोर ती मुलगी होती, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

पण माझी चूक इथेच झाली. मी फक्त त्या मुलीकडे बघत होते.

आमचे तात्या पावत्या आणि हिशेब बघतात, वीस वर्षं झाली. त्या आठवड्यात त्यांनी आपलं टेबल दाराजवळ सरकवलं. मला वाटलं, वाऱ्याला. डबा ते बाहेर पायरीवर बसून खायला लागले. एप्रिलचं ऊन, पायरी तापलेली. आठव्या दिवशी मी पाणी घेऊन गेले आणि विचारलं, "तात्या, आत का नाही बसत?" बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वयनी, माका कुत्र्याची भीती वाटता. पण हापिस तुमचा, तुमका कसा सांगू? म्हणान गप रवलंय." पायजमा वर करून पोटरीवरचा जुना व्रण दाखवला. सातव्या वर्षी चावला होता. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. चौदा दिवस वडिलांच्या खांद्यावर बसून दवाखान्यात गेले होते.

वीस वर्षं बरोबर काम केलेला माणूस तापलेल्या पायरीवर जेवत होता आणि मी "किती छान वातावरण झालंय" म्हणत होते.

पेट फ्रेंडली ऑफिसबद्दल बोलणाऱ्या सगळ्यांना मला हेच सांगायचं आहे. आधी मालकाला नाही, कुत्रा आणणाऱ्यालाही नाही. जो नाही म्हणायला घाबरतो त्याला विचारा. सगळ्यांसमोर विचारू नका, तिथे कोणी हात वर करत नाही. एकेकट्याला गाठून विचारा. कोणाला भीती असते, कोणाला केसांनी दमा होतो, कोणाच्या धर्मात कुत्र्याची लाळ लागली तर नमाजाआधी धुवावं लागतं. आमच्या शेडवर या तिन्ही प्रकारची माणसं आहेत, आणि कोणीही आपणहून बोललं नव्हतं.

मग ती मुलगी आणि तिची कुत्री मागच्या खोलीत बसायला लागल्या, स्वतंत्र दार असलेल्या. तात्यांचं टेबल पंख्याखाली परत आलं. एवढंच करायचं होतं.

एका ताईंनी कमेंटमध्ये विचारलं होतं, आंब्यावर केस पडत नाहीत का? अगदी रास्त प्रश्न. खंड्या खोकी भरतात त्या बाजूला येत नाही, मध्ये कठडा आहे. पेट्यांचा पेंढा वेगळ्या खोलीत, दार बंद. आणि रस, कोकम करतो त्या खोलीत जनावराला मज्जाव. तिथे अन्नाच्या परवान्याचा नियमच आहे आणि तो योग्यच आहे. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची साथ आम्हा कोकणातल्यांना नवी नाही. कुत्र्याच्या वर्षाच्या लसीत बहुधा लेप्टोची लसही असते, ती दिली का हे डॉक्टरांना विचारून घ्या.

टाटांच्या बॉम्बे हाउसचं उदाहरण बरेच जण देतात. 2018 मध्ये ती इमारत नूतनीकरणानंतर उघडली तेव्हा तळमजल्यावर भटक्या कुत्र्यांसाठी खास खोली केलेली होती. रतन टाटा गेले तेव्हा त्यांच्या 'गोवा' नावाच्या कुत्र्याला अंत्यदर्शनाला आणलं, ते बघून मीही रडले. पण त्यातून घ्यायचं काय? त्या कुत्र्यांना जागा आहे, खाणं आहे, त्यांचं बघणारं कोणीतरी आहे. फोटो काढायला कुत्रा कोणाकडेही असतो.

आता किनाऱ्यावर होमस्टेंच्या दारात "पेट फ्रेंडली" पाट्या लागल्यात, लॅपटॉप घेऊन महिना महिना राहणारी मंडळी कुत्री घेऊन येतात. या, जरूर या. पण नोव्हेंबर ते मार्च आमच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, आमच्या तालुक्यातलं तांबळडेग. गावातली मुलं पहाटे उठून घरटी शोधतात, अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन ठेवतात. सुटा सोडलेला कुत्रा एक घरटं दहा मिनिटांत उकरतो, शंभराच्या आसपास अंडी. पहाटेच्या फेरीला पट्टा लावाच. आणि होमस्टेवाल्यांनो, पाटीवर तेही लिहा.

शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. कुत्रीसाठी मागची खोली रिकामी केली तेव्हा वर्गवारी करणारी एक बाई म्हणाली, "वयनी, कुत्र्याक जागा झाली. माझ्या झिलाक खंय ठेवू?" तिचा दीड वर्षाचा मुलगा घरी आजारी सासूकडे असायचा. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, असा 2017 पासून कायदा आहे. आमच्यासारख्या अठरा माणसांच्या शेडला तो लागू नाही. म्हणून आम्ही तो विचारच केला नव्हता. ती रागाने बोलली नव्हती, खरंच विचारत होती.

आता त्या मागच्या खोलीच्या अलीकडे दुसरी खोली आहे. तिथे दोन झोळ्या बांधल्यात आणि एका आजीला हंगामापुरतं कामावर घेतलंय. म्हातारी कुत्री गेल्या दिवाळीनंतर गेली, पण ती खोली तशीच ठेवली आहे. या वर्षी राखण्याच्या नव्या पिल्लाला तिथे ठेवायचं ठरतंय. तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "दार लावून घेशात तर चलात."

पॉलिसी मागणाऱ्यांना मी वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवते. त्यात खंड्याच्या नावापुढे माझं नाव आहे आणि खाली पुढच्या लसीची तारीख आहे.