‘पाटी कोरी करा’ म्हणणाऱ्यांना

संग्रहालयं, पुस्तकं, प्रदर्शनं यांत वर्षानुवर्षं काम केलेल्या डिझायनरने इंटरॅक्शन डिझाइनमध्ये (म्हणजे अ‍ॅप किंवा वेबसाइट वापरणाऱ्याला स्क्रीनवर काय दिसेल आणि काय करता येईल ते आखण्याच्या कामात) यायचं तर पाटी कोरी करावी, आधी कोडिंग शिकावं आणि जुना पोर्टफोलिओ, म्हणजे आधीच्या कामाचे नमुने, दाखवूच नये, असा एक सल्ला हल्ली धडाधड फॉरवर्ड होतोय. त्यातला एकही मुद्दा टिकत नाही.

पाटी कोरी करायची म्हणजे नक्की काय पुसायचं? मॅकिंटॉश या अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरचे आयकॉन काढणाऱ्या सुझन केअर कलेत पीएचडी झालेल्या, संग्रहालयात काम केलेल्या. अ‍ॅपलसाठी विचारणा झाली तेव्हा त्या एका संग्रहालयाकरता रानडुकराचं शिल्प घडवत होत्या. कॉम्प्युटर ग्राफिक्सचा अनुभव नव्हता. पण ३२ बाय ३२ चौकोनांत चित्र बसवणं हे मोझेइक आणि भरतकामाच्याच जातीचं काम, हे त्यांना उमगलं. ग्राफपेपरवर एकेक चौकोन भरत मॅकिंटॉशचे आयकॉन आकाराला आले. मशीन बाजारात आलं १९८४ मध्ये. त्याच्या कीबोर्डवरच्या कमांड कीची खूण (⌘) त्यांना चिन्हांच्या एका कोशात सापडली. स्वीडनमध्ये ती प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर असते. पाटी कोरी असती तर कोश चाळायचं सुचलं असतं का, कोण जाणे.

कोडिंगचं म्हणाल, तर डिझायनर म्युरिएल कूपर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रकाशनाची, एमआयटी प्रेसची, पुस्तकं सजवता सजवता तिथल्याच मीडिया लॅब या संशोधन केंद्रापर्यंत पोचल्या आणि १९९४ मध्ये त्यांनी त्रिमितीत तरंगणारा मजकूर दाखवला. त्या स्वतः सराईत प्रोग्रामर नव्हत्या. कोड लिहिणारे विद्यार्थी सोबतीला होते. कोड शिकू नका असं कोणी म्हणत नाही. ती प्रवेश फी नाही, एवढंच.

आता पोर्टफोलिओ. हा मुद्दा मला सगळ्यात खटकतो, कारण माणसं कशी वागतात ते पाहणं हे संग्रहालयाचं जुनंच काम आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन यांनी संग्रहालयातले प्रेक्षक कुठल्या चित्रापाशी किती सेकंद थांबतात ते घड्याळ लावून मोजलं आणि १९२८ मध्ये छापलं. आर्थर मेल्टन यांनी १९३५ मध्ये दाखवून दिलं की दालनात शिरलेला माणूस बहुधा उजवीकडे वळतो. यूजर टेस्टिंग (वापरणाऱ्याला वापरताना पाहून चुका शोधणं) म्हणून आज जे शिकवतात ते याहून फार वेगळं नाही (फक्त हल्ली त्याची फी जबर असते). प्रदर्शन लावणाऱ्याला तर रोजच कळतं, की लोक ठरवलेल्या दारातून येत नाहीत, लेबल उभ्याउभ्या वाचतात आणि पुढे गर्दी असली की वाचतच नाहीत.

एक गोष्ट मात्र खरीच नवी शिकावी लागते. पुस्तक छापून आलं की विषय संपतो. स्क्रीनचं तसं नाही. नेटवर्क गेलं, यादी रिकामी निघाली, कुणाचं आडनाव रकान्यात मावलं नाही, कुणी मध्येच बॅक दाबलं, या प्रत्येक वेळी काय दिसेल ते आधीच आखून ठेवावं लागतं. आणि पोर्टफोलिओत सजलेल्या दालनाचा देखणा फोटो एकटा पुरत नाही. लेबल आधी कुठे लावलं होतं, लोक त्याच्यासमोरून कसे निघून गेले आणि मग ते कुठे हलवलं, ही तीन चित्रं त्याच्या शेजारी लावा.