चालत्या ॲप्लिकेशनला खीळ कशी घालावी

तुमच्याकडे वर्षानुवर्षं मुकाट चालणारं एखादं ॲप्लिकेशन आहे का? तक्रारी नाहीत, रात्रीचे फोन नाहीत, महिनाअखेरीची बिलं बिनबोभाट निघतात? मग त्याचं 'मॉडर्नायझेशन' करायलाच हवं. आमच्याकडच्याचं नुकतंच झालं. परवा पहाटे ऑन-कॉलचा फोन वाजला तेव्हा सिस्टीमची तब्येत दाखवणारे सगळे डॅशबोर्ड हिरवेगार होते आणि ग्राहकांना बिलाच्या जागी कोरं पांढरं पान दिसत होतं. हे भाग्य तुमच्याही वाट्याला यावं म्हणून अनुभवाचे चार बोल.

पहिलं म्हणजे, 'कशासाठी' हे विचारू नका. त्याने मीटिंग लांबते.

मग जुना सर्व्हर आहे तसा उचला आणि क्लाउडवर नेऊन ठेवा. स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसाचा हिशोब करून जेवढी मोठी मशीन घेतली होती, तेवढीच इथेही घ्या. क्लाउडवर भाडं तासावर लागतं, पण आपण कशाला घड्याळ बघायचं? टेस्टिंगची मशीनही आठवड्याचे 168 तास चालू ठेवा. माणसं त्यातले जेमतेम 50 तास कामावर असतात, पण मशीनला एकटं वाटायला नको.

लॉगची, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीची, पातळी डीबगवरच राहू द्या, बारीकसारीक सगळं लिहिलं जाईल. बिल आल्यावर कळेल.

परवानग्या देताना थेट '*' टाका, म्हणजे सगळ्यांना सगळं.

अपलोड झालेल्या फायली कंटेनरच्या, म्हणजे ॲप ज्या सुट्या डब्यात चालतं त्याच्या, आतच साठवा. कंटेनर नव्याने उठला की त्या जातात, म्हणजे साफसफाईही आपोआप.

आता मुख्य विधी, मायक्रोसर्व्हिस. एक धडधाकट ॲप्लिकेशन घ्या आणि त्याचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा एक स्वतंत्र सेवा. किती? टीमकडे माणसं आहेत त्यापेक्षा जास्त. पूर्वी एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारायचं ते काही नॅनोसेकंदांत. आता तीच हाक नेटवर्कवरून जाऊ द्या, जेएसओएन नावाच्या मजकुराच्या साच्यात गुंडाळून, ओळख पटवणारं टोकन लावून. प्रत्येक सेवा 99.9 टक्के वेळ चालू राहील अशी हमी द्या. म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ऐकायला बरं वाटतं. मग एका विनंतीसाठी अशा दहा सेवा एकापुढे एक लावा. गुणाकार केला की हमी येते 99 टक्क्यांवर, म्हणजे वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त बंद. कुणाचंच काही चुकलेलं नसताना! शिवाय प्रत्येक सेवेला सांगून ठेवा, उत्तर नाही आलं तर तीनदा विचार. एकाखाली एक तीन थर असले की तळाच्या बिचाऱ्या सेवेवर एका विनंतीच्या 27 विनंत्या आदळतात, आणि त्याही नेमक्या तिला धाप लागलेली असताना. आणि कळस म्हणजे डेटाबेस मात्र एकच ठेवा! सगळ्या सेवा त्याच टेबलात लिहिणार, आणि टेबलाचा मालक कोण हे कुणालाच माहीत नसणार. परवा हेच झालं. एका टीमने एका कॉलमचं नाव 'नीट' केलं, त्यांच्या टेस्ट पास, त्यांचं डिप्लॉय यशस्वी. बिल बनवणारी सेवा मात्र जुनंच नाव शोधत बसली, चूक गिळली आणि वर 200 ओके, म्हणजे 'सगळं ठीक'चा कोड, पाठवत राहिली. म्हणून डॅशबोर्ड हिरवे. विनंती कुठून कुठे गेली हे शोधायला ट्रेस आयडी? तो 'फेज टू'मध्ये आहे. पाच टीमची माणसं कॉलवर, आणि प्रत्येक जण सांगतोय, 'आमच्याकडून सगळं ओके आहे.' अरे, मग मोडलंय कुणाकडून? त्या ग्राहकाकडून?

बरं, हे शहाणपण कुठे मिळत नाही असंही नाही. 2023 साली खुद्द ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतल्या एका टीमने व्हिडिओचा दर्जा तपासणारी आपली विखुरलेली यंत्रणा एकत्र आणली आणि खर्च 90 टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचं जाहीर लिहिलं. क्लाउड विकणाऱ्यांच्याच घरात! पण आपल्याला काय त्याचं.

दोन कंटेनरसाठी कुबेरनेटीस, म्हणजे कंटेनरचे ताफे हाकणारी यंत्रणा, घ्याच. रेझ्युमेत छान दिसतं.

आणि जुनी सिस्टीम कधीच बंद करू नका. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरने 2004 साली 'स्ट्रँगलर फिग'ची पद्धत सांगितली. जुन्याभोवती नवं हळूहळू वाढवायचं, एकेक काम तिकडे वळवायचं आणि शेवटी जुनं संपवायचं. आपण पहिला भाग ऐकावा आणि उठून जावं. जुनीही चालू, नवीही चालू, मध्ये रात्री एक फाइल इकडून तिकडे नेणारी स्क्रिप्ट. ती लिहिणारा नोकरी सोडून गेलेला.

बास झालं आता. क्लाउड वाईट नाही, मायक्रोसर्व्हिसही नाहीत. पाच-सहा टीमना एकमेकींची वाट न बघता रिलीज करायचं असतं तेव्हा त्या कामाच्या असतात. सुरुवातीला तर तुमची एकच टीम होती हो! ॲप हळू होतं तर डेटाबेसची क्वेरी बघायची होती, शोध लवकर लागायला इंडेक्स टाकायचा होता. रिलीजची भीती वाटत होती तर टेस्ट लिहायच्या होत्या. बॅकअप आहे म्हणता, तो परत चढवून कधी पाहिलात? यातलं एकही काम स्लाइडवर चमकत नाही, म्हणून तुम्ही केलं नाहीत, आणि आता त्याची किंमत रात्री जागणारी पोरं मोजतायत. नवी आर्किटेक्चरची चित्रं मला पाठवू नका. आधी ते बिलाचं टेबल कुणाचं हे ठरवा, बाकी सगळ्या सेवांचे त्यात लिहिण्याचे हक्क काढून घ्या, आणि चूक झाली की 200 पाठवणं बंद करा. मग पुढचं बोलू.