‘डॉक्टरांना कुठे काय होतं?’

साथ आली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. डॉक्टर-नर्स दिवसभर रुग्णांमध्ये असूनही ठणठणीत असतात, रोजच्या संपर्काने त्यांची प्रतिकारशक्ती पक्की झालेली असते, वर अंगात संरक्षक (पीपीई) किट असतंच, आणि एखाद-दुसरा गेलाच तर तो अपवाद. मग एवढा बाऊ कशाला? लिहिणाऱ्याचा हात सफाईदार आहे, त्यामुळे पटकन पटतं. एकेक मुद्दा घेऊ.

‘ठणठणीत असतात.’ तसे दिसतात, कारण ड्यूटीवर तेच असतात ज्यांना उभं राहता येतं. आजारी पडलेली नर्स ओपीडीत दिसणारच नाही. २००३च्या सार्स या श्वसनाच्या गंभीर आजाराच्या साथीत जगभरात ८,०९६ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले १,७०६ आरोग्य कर्मचारी होते, म्हणजे साधारण पाचांतला एक. या आजाराबद्दल जगाला सावध करणारे जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. कार्लो उर्बानी त्यानेच गेले.

‘संपर्काने प्रतिकारशक्ती वाढते.’ लस घेऊन किंवा आजार होऊन मिळालेलं संरक्षण मुख्यतः त्या त्या जंतूपुरतं असतं. विषाणू अगदीच नवा असेल तर आयुष्य वॉर्डात काढलेली सिस्टर आणि कालच रुजू झालेला वॉर्डबॉय त्याच्यापुढे सारखेच. उलट जवळ वावरण्याची किंमत मोजावी लागते. सार्समध्ये लक्षणं सुरू झाल्यावर साधारण दहाव्या दिवशी रुग्णाच्या शरीरात विषाणू सर्वाधिक असायचा, आणि तोवर बहुतेक रुग्ण भरती झालेले असायचे. त्यामुळे घरापेक्षा रुग्णालयातच तो जास्त पसरला. श्वासनलिकेत नळी घालणाऱ्यांचा चेहरा तर रुग्णाच्या तोंडापासून हातभरही लांब नसतो. त्यांना असलेला धोका इतर कर्मचाऱ्यांच्या कित्येक पट आढळला.

‘किट असतंच.’ खरा कस किट उतरवताना लागतो. तोपर्यंत बाहेरची बाजू दूषित झालेली असते, माणूस घामाने निथळत असतो आणि कधी एकदा हे काढतो असं झालेलं असतं. गॉगल काढताना हात डोळ्याला लागला की संपलं. म्हणून इबोला या जीवघेण्या विषाणूच्या उपचार केंद्रांत उतरवणाऱ्यावर लक्ष ठेवायला दुसरा माणूस उभा असायचा: आता हात धुवा, आता एप्रन, पुन्हा हात. कोविडमध्ये वेगळीच अडचण होती. लक्षणं दिसण्याआधीच संसर्ग पसरत असल्याने वॉर्डात सगळं नीट पाळूनही चहाच्या वेळी मास्क खाली केलेल्या सहकाऱ्याकडून तो मिळू शकायचा. आणि किट वापरायचं कधीपर्यंत? कॅनडातल्या टोरांटोत सार्सची साथ आटोक्यात आली असं समजून २००३च्या मे महिन्यात खबरदारी सैल केली गेली, आणि दुसरी लाट रुग्णालयातूनच उठली.

‘अपवाद.’ मजकुरातला सर्वांत बेफिकीर शब्द हाच. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात कोविडने ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बरं, हा आकडा बाजूला ठेवला तरी प्रश्न राहतोच, की त्यांच्यामागे रुग्णांना कोण बघणार? पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४च्या इबोला साथीत लायबेरियाने आपले सुमारे ८ टक्के डॉक्टर, नर्स आणि सुईणी गमावल्या, तेही मुळात मोजकेच डॉक्टर असलेल्या देशात. सिएरा लिओनमध्ये हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं. या जागा भरल्या गेल्या नाहीत तर लायबेरियात बाळंतपणातले मृत्यू साथीपूर्वीच्या दुपटीहून अधिक होतील, असा हिशेब जागतिक बँकेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडला होता. हे मृत्यू इबोलाने होणारे नव्हेत. बाळंतिणीजवळ प्रशिक्षित माणूस नसल्याने होणारे.